नमुना क्रमांक एकेचाळीस

सावद्याच्या मालधक्क्यावर पहाटे पाचला
मी उलट्या क्रेटवर बसते, मांडीवर फळी,
फळीवर चौदा पानांचा फॉर्म.
केळीचा चीक सगळ्यांच्या हातांना,
आता माझ्या पेनालाही.

एकेचाळीसावा: हुसेन रुबाब तडवी.
वय? "लिव्हा पन्नास."
शून्य म्हणजे दुखणं नाही,
दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं.
या क्षणी तुमचं किती?
तो हसतो. "किलोत सांगू का?
घड खांद्यावर हाये तोवर दुखत नाई, ताई.
उतरोला का दुखतं.
तुमच्या कागदात ह्याले जागा हाये का?"

नव्हती. मी समासात लिहिलं.

प्रश्नावली मूळची परदेशातली.
मराठी मी केली, आणि नियमाप्रमाणे
भुसावळच्या एका मास्तरांनी ती उलटी इंग्रजीत नेली;
तेव्हा पाठीतली जळजळ
ॲसिडिटी होऊन परत आली.

मग शब्द बायकांनीच दिले, पाला झाडता झाडता.
उसण वेगळी, लचक वेगळी.
सणक येते नि जाते, ठणका मुक्कामाला राहतो.
कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते
ठिबकची नळी फुटल्यावर पाणी धावतं तशी,
एकाच सरीत.
बेबाबाई तायडे शेवटी म्हणाली,
"आन् एक दुखनं असं,
जे सांगतलं का मुकादम उद्या बोलावत नाई.
ते शून्यात लिव्हा."

त्या रात्री खोलीवर मी सगळी शून्यं पुन्हा मोजली.
तेवीस.

जळगावच्या मशीनमध्ये तिसांचेच पैसे होते.
हुसेनचा फोटो पाहून डॉक्टरांनी जीभ टाळ्याला लावली:
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
शिवण उसवल्यासारखी बाहेर.
हा माणूस रोज नव्वद घड उचलतो.
आणि हिशेबाच्या वहीवर बसणारा दिगंबर फालक,
ज्याचा कणा पुस्तकात छापावा असा,
त्याला चपलेचा अंगठा घालताना
बायकोला हाक मारावी लागते.
दोन्ही फोटो मी खिडकीला धरले.
मागून चिंचेचं झाड दिसत होतं.

बारा आठवड्यांचा व्यायाम.
सोसायटीच्या गोदामात ताडपत्री अंथरली.
गुडघ्यांवर या, हात टेका,
पाठ वर, म्हणजे मांजर. पाठ खाली, म्हणजे उंट.
कुणी हलेना.
"उंट मेंढरंवाल्यांचा," हुसेन म्हणाला,
"त्याचं आमाले काय ठावं.
बैल करू का?
जू उतरोल्यावर करतो तसा?"
आणि त्यानं केला.
मान पुढे, कंबर सैल, एक लांब उसासा;
गोदामातली वीस माणसं हसत हसत
खाली वाकली.
मी पुस्तिकेतला उंट खोडला.

सातव्या आठवड्यात कापणी बऱ्हाणपूरकडे सरकली.
अठरा जण गाडीच्या टपावरून गेले.
अशांसाठी आमच्या शास्त्रात शब्द आहे:
पाठपुराव्यातून सुटले.
सुटले, जणू कुठे अडकले होते.
मार्गदर्शक सर म्हणाले, गळती जास्त आहे,
निष्कर्ष जपून लिही.
मी जपून लिहिते. दिवसाचे नऊ तास लिहिते,
उठताना टेबल धरते,
आणि मला विचारायला कुणी
फळी घेऊन बसलेलं नसतं.

चैत्रात एका अनोळखी नंबरवरून फोन.
मागे ट्रकचा आवाज, पोरांचा गलका.
"ताई, हुसेन. सकाळी बैल करतो मी.
पोरं बी करता. लहानगी तं हंबरते.
तुमचा तो आकडा लिव्हा, चार.
नाई, थांबा.
घड उतरोल्यावर सहा.
पयले आठ व्हता, तवा सांगतला नव्हता."

नोंदीची मुदत परवाच संपली होती.
तक्त्यात एकेचाळीसाव्या ओळीत
बाराव्या आठवड्याचं घर रिकामंच आहे.
समासात, चिकाचा डाग पडलेल्या पेनानं:
चार. उतरवल्यावर सहा.
लहानगी हंबरते.