पाचपैकी तिसरं पान

केप्याच्या बाजारात, खाज्याच्या दुकानाला लागून
माझं टेबल, एक प्रिंटर, दोन स्टुलं,
आणि भिंतीपलीकडून येणारा गुळाचा वास.
‘ऑनलाइन अर्ज भरून मिळतील’ असं बाहेर लिहिलंय.
‘मिळतील’ हा शब्द हल्ली मी मनातल्या मनात
जरा हळूच वाचते.

सत्यवती फळदेसाई, वय एकाहत्तर,
पेन्शनसाठी आल्या तेव्हा दहा वाजले होते.
पान एक: नाव. पान दोन: वाडा, घर नंबर, वडिलांचं नाव.
पान तीनवर पुन्हा वडिलांचं नाव.
‘आतांच सांगलें न्हय?’ म्हणाल्या,
वडील एकाच सकाळी दोनदा मागितल्यासारख्या.

पासबुक पिशवीत तळाशी होतं.
त्याच्यावर चष्मा, चष्म्यावर शेवग्याच्या शेंगा,
सगळं टेबलावर काढेपर्यंत
पडद्यावर दोन ओळी आल्या:
आपली वेळ संपली आहे.
कृपया पुन्हा सुरुवात करा.
‘कितें म्हणटा?’
मी वाचून दाखवलं, तोंडातून गेलं तेव्हा कळलं काय वाचलं ते.
त्या इतक्या हसल्या की खाजेवाला डोकावून गेला.
‘म्हाकाच सांगता तें, बाये!’

सावियो मडगावला असे अर्ज बनवतो.
तो म्हणतो, पलीकडचं यंत्र विसराळू असतं,
दर पानाला तुला नव्यानंच भेटतं.
म्हणून मागच्या पानावरचं सगळं
दिसणार नाही असं पुढच्या पानाच्या ओटीत घालायचं,
नाहीतर गाठोडं करून तिकडे फडताळात ठेवायचं
आणि तुझ्या हातात फक्त एक नंबर द्यायचा.
नंबर दाखवला की गाठोडं.
‘आणि वीस मिनिटांनी?’
‘वीस मिनिटांनी फेकून देतो.
त्याच स्टुलावर उद्या दुसरं कोणी बसेल ना.’
हे मला पटलं, आणि त्याचा रागही आला.

माझ्याकडे वही आहे. शंभर पानी, आखीव.
अर्जाआधी सगळं त्यात उतरवते, मग बोटं चालवते.
करंट गेला, नेट गेलं, वही जात नाही.
पण रात्री ड्रॉवरला कुलूप घालताना वाटतं,
अर्ध्या तालुक्याचे खाते नंबर
एका पितळी किल्लीवर झोपलेत.
म्हणून अर्ज गेला की पान फाडून
ज्याचं त्याला देऊन टाकते.

दुसऱ्यांदा सुरुवात.
पहिल्या फेरीत घाईत सोडलेला एक रकाना:
पूर्वीचं नाव, असल्यास.
त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना असं.
‘आवडू.’
लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, तेव्हापासून
त्रेपन्न वर्षं कोणी हाक मारलेली नाही.
हाक मारणारे सगळे गेले.
हे पुढच्या पानावर कोणी आणलंच नव्हतं.

पान तीन. पान चार. मध्ये एकदा
आयएफएससी चुकला म्हणून ‘मागे’ दाबलं,
दाबताना डोळे मिटले.
उघडले तर सगळं जागच्या जागी.
पाचव्या पानावर तपासणी असते,
भरलेलं सगळं एकाखाली एक.
‘तें परत वाच,’ म्हणाल्या.
काय, ते मी विचारलं नाही.
‘आवडू,’ वाचलं.
‘उरतलें मूं हें?’
जमा झालं की उरेल, म्हटलं,
आणि बटण दाबलं.

पडद्यावर चक्र फिरायला लागलं.
वहीचं पान घडी करून त्यांनी
शेंगांच्या खाली, तळाशी ठेवलं.
बाजूला कोणीतरी पाव किलो खाजं मागत होतं,
खाजेवाला सुट्ट्यांसाठी कुरकुरत होता.
पंखा क्षणभर मंदावला.
मी चक्राकडे, त्या पंख्याकडे.