पाव फेरा

सिग्नलला बंद पडायची म्हणून
मीच एकदा स्क्रू आवळून ठेवला होता,
बोनकोड्याच्या नाक्यावर, भर दुपारी, भर रागात.
तेव्हापासून गाडी उभी असली तरी
कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखी ओरडायची.
पहाटे पावणेचारला,
कोपरखैरण्यातल्या आमच्या गल्लीत,
जिथे दोन घरांच्या मध्ये
एक गाडी मावते आणि एक माणूस, तोही तिरका.

दस्तगीर मिस्त्री म्हणाला,
लंगड्या बैलाला चाबूक मारून ठेवलायस तू.
स्क्रू सगळ्यात शेवटी.
आधी बघ, ती श्वास कशी घेते.

म्हणून रविवारी बसलो.
फिल्टरचा स्पंज काढला. त्यात तुर्भ्याची अख्खी धूळ
आणि कांद्याचं एक साल.
ते तिथं कसं शिरलं, कांद्यालाच माहीत.
साबणाच्या पाण्यात पिळला, चार पाणी चहा उतरला,
पाचव्याला थोडा शरमला.
प्लग खोलला: बिडी ओढणाऱ्याचा पुढचा दात.
पॉलिश पेपरनं घासला,
करवतीचं मोडकं पातं फटीत सरकवून पाहिलं,
अडलं नाही, खुळखुळलंही नाही. ठीक.
चेनला पोराचा जुना ब्रश,
त्यावरचं अस्वल आता काळंमिट्ट.
मग बोटानं चेन वर उचलली,
दोन बोटं ढिली हवी म्हणतो मिस्त्री.
ताणून बसवली की तुटते,
हे मला पाठीनं मार्केटात
पन्नास किलोच्या गोणीखाली आधीच सांगितलंय.

खाडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून इंजिन तापवलं.
स्टँडवर लावली.
स्क्रूड्रायव्हर.
पाव फेरा डावीकडे. थांबलो. ऐकलं.
आणखी पाव.
रेस दिली, सोडली.
वाटलं, मेली.
नाही.
हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं,
आवाज हलला नाही.
टाकीवर तळहात ठेवला,
रवंथ करणाऱ्या म्हशीची बरगडी.
गाडी उभी होती,
आणि उभं राहायची तिला लाज वाटत नव्हती.

सोमवारी मी गल्लीतून गेलो
ते माझं मलाच कळलं नाही.
समोरचा शेडगे, रात्रपाळीचा, संध्याकाळी हात जोडून म्हणाला,
दीड वर्षानं झोपलो रे बाबा.

गुरुवारी ढमालेमावशीनं अडवलं.
"गाडी इकलीस का?"
नाही, मावशी.
"मग आवाज कुठंय? चार दिस झालं, माझं डबं उशिरा जातायत.
तू बोंबलत निघालास की मी उठून कणीक मळायची.
मोबाईल वाजतो की,
पण त्यो मेला गोड वाजतो,
त्यानं झोप जास्तच लागती."

सोळा डबे. सोळा माणसं
रबाळ्याच्या कुठल्या कुठल्या मशीनपाशी
माझ्या बिघाडावर जेवत होती.

रात्री खाली उतरलो, टॉर्च तोंडात धरला.
एक पाव फेरा उजवीकडे, बास,
शेडगे परत शिव्या देईल, पण सोळा जण...
स्क्रूच्या खाचेत टोक बसलंसुद्धा.
मग टाकीवर हात गेला. थंड होती.
मिस्त्रीचा बैल आठवला.
नको म्हटलं. हिचं बरोबर आहे ते बरोबरच राहू दे.

आता पावणेचारला
गाडी ढकलत तिच्या खिडकीपर्यंत नेतो.
गजावर किल्लीनं दोन टकटक.
कधी खोकला येतो आतून, कधी शिवी.
परातीत पीठ पडल्याचा आवाज आला
की मगच किक मारतो.
कधी कधी तो यायला वेळ लागतो.
तेवढा वेळ मी नुसता उभा असतो,
अंधारात, हँडल धरून.
जमतं.