पन्नासच्या आसपास

रात्रपाळीला ब्रोना बसते
तेव्हा समोरच्या भिंतीवर अख्खं आयर्लंड असतं,
गावांशिवायचं, नुसत्या तारांचं.
कोपऱ्यात एक आकडा. ४९.९८.
तो पन्नासच्या आसपास राहिला
की तिचा पगार हलाल.

फिंटननं तिला काम शिकवलं तेव्हा
आलेखात माणसं दिसायची.
पहाटे कॉर्ककडे दूध काढायची यंत्रं सुरू झाली की एक टेंगूळ,
हर्लिंगच्या मध्यंतराला किटल्यांचा सुळका,
आणि नाताळच्या दुपारी रेष चढू लागली
की फिंटन म्हणायचा,
बघ, देश जेवायला बसतोय.
रात्री तीनला ती तळाशी जायची,
झोपेत कुणी कूस बदलावी तेवढीच हलायची.

आता तीनलाही रेष खाली टेकत नाही.
मोटरवेच्या पल्याड करड्या इमारती आहेत,
खिडक्या नसलेल्या.
त्यांना मध्यंतर नाही.
फिंटन निवृत्त झाला त्या दिवशी म्हणाला,
पूर्वी देशाला चढउतार होता,
आता जोतं आहे, आणि ते वाढतंय.

आज वारा पडलाय.
डोनेगॉलच्या पवनचक्क्या
हात वर करून उभ्या, उत्तर न येणाऱ्या मुलांसारख्या.
४९.८६.
ब्रोना फोन उचलते.
लुकाश, साठ मेगावॅट सोड. डिझेलवर जा.
किती वेळ?
वारा येईपर्यंत.
त्याच्या मागे पंख्यांची घरघर,
मग तो काहीतरी पोलिशमध्ये पुटपुटतो,
मग घरघरीचा सूर बदलतो.
४९.९१. ४९.९७.
भिंत शांत.

क्लॉन्डॉल्किनच्या एका गल्लीत मात्र
धूर जिथे निघाला तिथेच उभा राहिला असेल.
वाराच नाही ना.
ते भिंतीवर दिसत नाही.

तिचा मोबाइल थरथरतो.
लीट्रिमहून आई. कंबरदुखीनं जागी.
मांजराचा फोटो, हललेला,
मागे उकळणारी किटली.
दोन किलोवॅट.
एवढ्याशानं आकडा हलत नाही
हे ब्रोनाला पक्कं माहीत आहे,
तरी ती एकदा कोपऱ्यात बघते.

आई झोपेल चहा पिऊन. मांजर तर झोपलेलंच आहे.
तो फोटो तेवढा जागा राहणार,
पल्याडच्या इमारतीत,
आज रात्री डिझेलवर.

ती लिहिते, छान आहे गं,
आणि पाठवते.