गायधनी, काय ऐकू येतं?

अंबडच्या शेडमध्ये तिसरी पाळी
खरी सुरू होते पावणेदोनला,
चहा संपल्यावर,
सुपरवायझरची मान खाली गेल्यावर.
तेव्हा आहेरकाका खिशातून काढायचे
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.
मूठ तेलानं काळी, टोक घासून बोथट.
त्यानं स्क्रू पिळलेला मी कधी पाहिला नाही.

टोक बेअरिंगच्या घरावर,
मूठ कानामागच्या हाडावर.
"शेड विसर. कॉम्प्रेसर विसर.
मलाही विसर. आत जा."

गेले. आधी नुसता गोंधळ,
मग एकेक आवाज सुटा होऊ लागला,
गुंत्यातून केस सुटतो तसा.

चांगलं बेअरिंग बोलत नाही,
झोपल्या माणसाच्या श्वासाइतकंच काय ते.
ग्रीस आटलं की शीळ घालतं,
बारीक, दातांत शिरणारी.
पिंजरा ढिला झाला की
कढईत कोरडा चिवडा हलवल्यासारखं.
आणि बाहेरच्या कड्याला खड्डा पडला तर
टक
टक
टक,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं,
न चिडता, न चुकता.

"शीळ ग्रीसनं जाते," काका म्हणायचे,
"जाऊन परत आली तर लाड करू नकोस.
लिही, बदली."

प्रत्येक यंत्रापाशी आधी मलाच विचारायचे,
"गायधनी, काय ऐकू येतं?"
मी सांगायचे. मग ते डोळे मिटून ऐकायचे,
मान हलवायचे. "बरोबर."
सातपूरच्या आयटीआयमधून नुकती आलेली मी,
वाटायचं, परीक्षा चाललीय,
आणि मी रोज पहिली येतेय.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात,
भट्टीपुढचा चार नंबरचा रोलर.
टक, टक, इतकं स्वच्छ
की दार उघडायला उठावं.
मी मात्र म्हटलं, "शीळ आहे, काका."
का म्हटलं? झोप होती डोळ्यांवर,
थोडी चेष्टाही असेल. पकडा बघू मला.

काकांनी मूठ कानामागे लावली.
डोळे मिटले. बराच वेळ.
मान हलवली.
"बरोबर. मार ग्रीस."

ग्रीसगन उचलली खरी,
पण घोडा ओढवेना.
मागचे आठ महिने
एकेक करून आठवू लागले.

"थांबा, परत ऐकते," म्हटलं,
"टक टक आहे. चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग काही न बोलता
स्क्रूड्रायव्हरची मूठ दाढेखाली धरली,
टोक टेकवलं रोलरच्या घरावर
आणि तसेच वाकून राहिले,
एखादं हट्टी पोर
आईच्या पदराचं टोक चावत राहतं तसे.

"आहे," मूठ काढून म्हणाले.
"लागतंय दाढेला.
दाढ अजून चांगलीय.
रिटायरमेंटला सव्वा वर्ष उरलंय."

वहीत मी लिहिलं,
रोलर चार, बाहेरचं कडं, बदली.
तपासणी: आहेर, गायधनी.

दुसऱ्या रात्री पुन्हा पावणेदोन,
पुन्हा तोच प्रश्न.
मी सांगते अजूनही.
फक्त आता यंत्राकडे बघत नाही,
तोंड त्यांच्याकडे वळवते,
आणि ओठ नीट हलवते.