अकरावी सही

अकरांपैकी दहा माझ्याकडे आहेत.
भुसावळच्या पहिल्या रेल्वे हॉकी संघाच्या.
डिसोझाची पगारपत्रकावर,
हिलाल पाटलाची लग्नपत्रिकेच्या पाठीवर,
कॅप्टनने तर दोनदा केली,
पहिली पुसट उठली म्हणून.

गोलकीपर उखा झिपरू तायडे
कुठेच नव्हता.
यावलला त्याच्या पोरीकडे एक फोटो,
छातीवर पदक, मागून कोरा.
“पदक पुरात गयं, भाऊ,” ती म्हणाली,
आणि कळण्याची भाकरी वाढली.

परवा जळगावात, सराफ बाजारात
रद्दीला काढलेली गहाणवही चाळत होतो.
पान एकशे बारा.
चांदीचं पदक, सव्वातीन तोळे,
मागे इंजिन कोरलेलं.
रुपये दोन, आणे आठ.
खाली शाई अडखळत
उ. झि. तायडे.

शेवटचा ‘डे’ पुढच्या रकान्यात घुसलेला,
जिथे सोडवल्याची तारीख लिहितात.
बाकी रकाना रिकामा.

दुकानदार पान फाडून देईना,
सबंध वही घेतली.
अल्बममध्ये अकरावी चौकट
बारा वर्षांपासून आखून ठेवलीय.
कात्री काढली. धार पाहिली.

सकाळी तिचा फोन:
वांगी आलीत, भरीत खायला या,
आणि बाबांची सही
सापडली का कुठं?