तिसरी पिन

मी ड्रायव्हर. मला यातलं फारसं कळत नाही.
पण त्या दिवशी टॉर्च माझ्या हातात होता,
म्हणून सांगतो.

कोक-बुलाक गाव नारीनपासून चार तासांवर,
त्यातला दीड तास रस्ता नाहीच.
तुर्सुनाय बाई मागे बसलेल्या, प्रोजेक्टर मांडीवर,
तापातलं पोर दवाखान्यात न्यावं तसा.
प्रत्येक खड्ड्याला त्या त्यालाच म्हणायच्या, झालं, झालं.

शाळेत पडदा नव्हता.
शाइरा आपाने घरून पांढरा नमदा आणला,
नातीच्या लग्नासाठी लाटलेला, अजून लोकरीचा वास येणारा.
फळ्यावर दोन खिळे ठोकले.
सत्तर माणसं, टोप्या डोक्यावर तशाच.

नमद्यावर निळा चौकोन उमटला.
त्यात दोनच शब्द: सिग्नल नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, फोनलाही नाही.
हॉल हसला.

तार काढली, घातली. फुंकर मारली.
लॅपटॉप बंद केला, प्रोजेक्टर आधी चालू केला.
मग आलं चित्र, पण उलटं,
डोंगर छताला लोंबकळणारे.
पोरांनी लगेच माना वाकड्या केल्या,
आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानेही.
छताला टांगायची सेटिंग राहिली होती म्हणे.
ती बदलली.
तर आता नमद्यावर बाईंचा मुलगा, दात पडलेला, कलिंगड खाताना,
आणि नकाशा मात्र एकट्या लॅपटॉपवर.
बाई लाजल्या. दोन बटणं एकदम दाबली,
दोन्हीकडे सारखं दिसू दे म्हणून.

दिसलं.
बर्फ पिवळं, लोण्यासारखं.
आकाश काळं.
आणि गावाच्या वर, जिथे बाई काठी लावत होत्या,
तिथे नुसता एक काळा डाग.
हे तळं, बाई म्हणाल्या.
हा खड्डा, लोक म्हणाले.
खड्ड्याला कोण घाबरतं?

साबिरकूल शाळेचा बॉयलर सांभाळतो.
तो इतका वेळ दाराशी उभा होता.
पुढे येऊन म्हणाला,
याचा स्वतःचा निळा ठीक होता, मघाच्या चौकोनात.
म्हणजे दिवा बरा आहे.
निळा वाटेत हरवतोय.

तार उपसली. मी टॉर्च धरला.
पंधरा पिना, दाण्याएवढ्या,
वरच्या रांगेत तिसरी आडवी झोपलेली.
चिमटा मोठा पडला.
शाइरा आपाने पदराशी टोचलेली सुई काढून दिली.
साबिरकूलने श्वास धरला.
त्याची बोटं राखेने काळी, जाड,
पण सुई अशी चालली
जणू झोपलेल्याच्या पापणीवरचा केस उचलायचा आहे.
मोडली तर संपलं, एवढंच बोलला.
नाही मोडली.

तार लावली. स्क्रू आवळले.

मी बऱ्याच सभा पाहिल्यात.
टाळ्या वाजायची तयारी होती, हात वर आले होते,
आणि निळा परत आला.

बर्फ पांढरं झालं.
आकाश जागेवर गेलं.
आणि तो डाग भरत गेला असं वाटलं,
खरं तर भरलेलाच होता,
एवढा निळा, की गाव त्याच्या खाली
ओंजळीखालच्या मुंगीसारखं.

हात खाली आले.
बाईंनी काठीही उचलली नाही.
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

मघाचा म्हातारा उठला, नमद्याजवळ गेला.
तळं त्याच्या पाठीवर पसरलं, टोपीवर चढलं.
बोट टेकवून विचारलं, माझं घर हे का?
बाई म्हणाल्या, हो.
आणि हा बांध किती दिवस धरेल?
बाई म्हणाल्या, तेच सांगायला आले.

परतताना त्या मागे गप्प होत्या.
प्रोजेक्टर आता सीटवर, पट्ट्यात बांधलेला.
उतारावर मी म्हटलं, बाई, नशीब, पिन सरळ झाली.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
खूप वेळाने म्हणाल्या,
अर्धा तास किती हसत होते रे सगळे.

सुई माझ्याकडेच राहिली,
टॉर्चच्या दोरीत अडकलेली.
पुढच्या खेपेला द्यायची आहे.