झाकण न उघडता

होडी लागली तरी सासरे मासळी मोजू देत नसत.
"मोजू नको गो, मोजला काय सरता,"
म्हणायचे, आणि सुरमईवर गोणपाट ओढायचे.
लिलाव लागेपर्यंत आकडा कुणी तोंडातून काढायचा नाही.

सिबिलचंही मला तसंच वाटायचं.
जेटीवर सगळे सांगतात, बघितलंस की उतरतो.
एकदा बघ, पाच गेले. दोनदा बघ, दहा.
सात वर्षं मी सर्जेकोटला बर्फ विकते,
सात वर्षांत एकदाही बघितला नाही.

आता टेम्पो घ्यायचाय. जुनाच,
मागे पत्र्याची पेटी बसवलेला.
पतसंस्थेत शेर्लेकरबाई म्हणाल्या, आधी तुमचा रिपोर्ट बघा.
मी म्हटलं, नको, उतरेल.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"खोबरेकरवहिनी, स्वतःचा स्वतः बघितलात तर केसभर हलत नाही.
कर्ज मागितल्यावर देणारा बघतो ना, तेव्हा उतरतो.
तोही थोडाच.
पण आठ दारं ठोठावलीत,
तर नवव्या दाराला कळतं की ही बाई आठ दारं फिरून आली."

मी बर्फवाली, मला बर्फातूनच कळतं.
आमच्या मोठ्या पेटीला वरून काच आहे.
काचेतून दिवसभर डोकावा, लादी तेवढीच.
गिऱ्हाईक आलं की झाकण उघडावं लागतं,
पांढरी वाफ उठते,
थोडं पाणी जाळीतून खाली जातंच.
जाऊ दे, धंदा आहे.
पण उघडायला लावून, हात घालून,
"नको, उद्या बघू" म्हणत निघून जातात ना,
बर्फ ते खातात.

रात्री ओटीवर बसून बघितला.
ओटीपी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उघडलं.
सातशे अकरा.
हे चांगलं की वाईट, तेही ठाऊक नव्हतं.
खाली फ्रीझरचं कर्ज, फिटलेलं,
महिन्यांचे बारीक बारीक चौकोन,
शून्य शून्य शून्य शून्य,
आणि एकात चौतीस.
चौतीस दिवस उशीर.

तो ऑक्टोबर.
बंदरावर तीन नंबरचा बावटा,
होड्या वर ओढून माडांना बांधलेल्या,
आणि माझा बर्फ गटारातून खाडीला जात होता.
हे त्या चौकोनात नाही. मावलंही नसतं.
हप्ता मात्र चुकला होता, ते खरं.

आणि अगदी शेवटी, चौकशा.
एकाच संध्याकाळी चार.
चार फायनान्स कंपन्या, एकीचंही नाव ऐकलेलं नाही.
तारीख बोटावर मोजत मागे गेले:
नारळी पौर्णिमेचा आदला दिवस.
सर्वेश कुडाळला गेला होता, बाईक बघायला.
सकाळी माझ्या पॅनकार्डाचा फोटो मागितला होता,
रेशनला लागतो म्हणून.
रात्री आला तो म्हणाला, रंग नाही आवडला.

चार दारं, माझ्या नावाने.
चारही बंद झाल्यावर
शेवटच्या एसटीत खिडकीशी बसून
पोरगा कट्ट्यापर्यंत रंगाचं निमित्त जुळवत आला असेल.

रागवायलाच उठले होते.
आत तो बांगड्याचं तिखलं नि भात जेवत होता,
मान खाली, मोबाईल पालथा.
माझ्या तोंडून एवढंच आलं:
कुठचा रंग होता रे?
घास तसाच गालात धरून तो थांबला.
मग म्हणाला, "निळो."

सकाळी पुन्हा बघितला. सातशे अकरा.
लिलाव सुटल्यावर, हात पुसून, आणखी एकदा.
सातशे अकरा.
टेम्पोसाठी अर्ज एकच केलाय, शेर्लेकरबाईंकडे.
सर्वेशला म्हटलं, तुझी निळी नंतर,
आणि विचारायचं ते एका दारात, मला सांगून.

आज ट्रकातून लाद्या उतरत होत्या,
तेव्हा मी मोठ्याने मोजल्या.
एक. दोन. तीन.
टोपल्या घेऊन बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या.
बाविसावी कोपऱ्याला फुटलेली होती.
तीही मोजली.